मधेच बंद पडणारा आणि मग सुरूच न होणारा कॉम्प्युटर: फॉरमॅट मारण्याआधीची तपासणी

हे सगळं घरच्या डेस्कटॉपसाठी आहे. म्हणजे घरात सगळे ज्याला 'सीपीयू' म्हणतात तो डबा, वेगळा मॉनिटर, आणि बहुतेक वेळा ओळखीच्या दुकानदाराकडून असेंबल करून घेतलेला. लॅपटॉपला यातली निम्मी तपासणी लागू पडते, पण तो उघडण्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी, म्हणून तो इथे धरलेला नाही.

लक्षणं

'कॉम्प्युटर बंद पडला' एवढ्याने काही कळत नाही. कुठपर्यंत जाऊन बंद पडला ते हवं. बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत मशीन ठरलेल्या क्रमाने पुढे सरकतं: एसएमपीएस (डब्यातला वीजपुरवठ्याचा खोका) वीज देतो, मदरबोर्ड प्रोसेसर आणि रॅम तपासतो, मग डिस्प्ले येतो, मग डिस्क सापडते, सर्वांत शेवटी विंडोज लोड होते. खालच्यापैकी तुमचं लक्षण कोणतं ते कागदावर लिहून ठेवा.

– बटण दाबलं तरी काहीच नाही. पंखा नाही, दिवा नाही.
– पंखे सेकंद-दोन सेकंद फिरतात, थांबतात, आपोआप पुन्हा फिरतात.
– चालू होतो आणि दर वेळी बरोबर चार-पाच सेकंदांनी बंद होतो.
– पंखे, दिवे सगळं चालू, मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'.
– कंपनीचा लोगो येऊन तिथेच अडकतो, किंवा काळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नसल्याचा मेसेज.
– विंडोजची गोल फिरणारी चकती, मग निळी स्क्रीन, रिस्टार्ट, आणि पुन्हा तेच. (विंडोज ११ मध्ये २०२५ च्या अपडेटनंतर ही निळी स्क्रीन काळी झाली आहे. मजकूर तोच.)
– विंडोज व्यवस्थित सुरू होते, पण दहा-पंधरा मिनिटांनी किंवा गेम लावल्यावर खटकन बंद. लगेच बटण दाबलं तर होत नाही, अर्ध्या तासाने होतो.

पहिल्या चार लक्षणांत विंडोजचा काही संबंध नाही. तिची पाळीच आलेली नसते. तरीही दुकानात पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मारून घ्या' हाच. सैल रॅम, धुळीने भरलेला पंखा, दमलेला एसएमपीएस यांपैकी एकही फॉरमॅटने बरा होत नाही. उलट फॉरमॅट चालू असताना मशीन बंद पडलं तर डेटाही जातो आणि विंडोजही. म्हणून ते शेवटच्या ओळीत.

हात लावण्याआधी

विंडोज अधूनमधून सुरू होत असेल तर दुरुस्ती नंतर, आधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढा. 'आज चालू आहे ना, मग उद्या करू' यात लोकांचे बारा-पंधरा वर्षांचे फोटो गेलेले आहेत.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची. नव्या मशीनवर, विशेषतः २०२४ नंतर मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरून विंडोज ११ टाकलेली असेल तर, डिस्क तुमच्या नकळत एन्क्रिप्ट झालेली असू शकते. मग बायोस (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा स्वतःचा प्रोग्रॅम) रीसेट केलं किंवा मदरबोर्ड बदलला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ही की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून मोबाइलवरही पाहता येते. बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी ती लिहून घ्या. की नसेल तर त्या डिस्कवरचा डेटा कोणताही कारागीर परत आणू शकत नाही.

कॅबिनेट उघडायचं तेव्हा प्लग भिंतीतून काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. मग पॉवर बटण वीस-तीस सेकंद दाबून धरायचं, म्हणजे बोर्डावर उरलेला चार्ज निघून जातो. काही वेळा तेवढ्यानेच अडकलेलं मशीन सुरू होतं, त्यामुळे हा उपाय तसाही आधी करून पाहावाच.

वीज: भिंतीपासून एसएमपीएसपर्यंत

सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे मधल्या वस्तू काढून टाकणं. यूपीएस, एक्स्टेन्शन बोर्ड, स्पाइक गार्ड बाजूला ठेवा आणि कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून एक-दोन दिवस चालवा. पॉवर केबल दुसरी लावून पाहा, मॉनिटरचीही चालते. एसएमपीएसच्या मागचा छोटा काळा स्विच झाडताना चुकून बंद झालेला नाही ना, तेही बघा.

घरगुती ६०० व्हीए यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दमते. दमलेल्या बॅटरीचा यूपीएस वीज असताना अगदी ठीक दिसतो. फ्रिज किंवा पंप चालू होताना व्होल्टेज क्षणभर पडलं की तो बॅटरीवर जायला बघतो, बॅटरीत दम नसतो, आणि कॉम्प्युटर बंद होतो. लाइट गेलेच नव्हते, मग बंद कसा झाला, या कोड्याचं उत्तर बरेचदा हेच. बॅटरी तपासायची तर कॉम्प्युटर न लावता टेबल लॅम्प लावून यूपीएसचा प्लग काढा. लॅम्प लगेच विझला तर बॅटरी बदला.

घरभर इन्व्हर्टर असेल तर त्यावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा मोड बदलायचा स्विच बहुतेकांत असतो. नॉर्मल मोडमध्ये लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ लागतो. पंख्याला आणि ट्यूबलाइटला ते कळतही नाही, पण चांगला एसएमपीएससुद्धा पूर्ण लोडवर साधारण १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो, स्वस्तातला त्याहून कमी. स्विच यूपीएस मोडवर ठेवा.

आणि अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, 'थोडा करंट लागतो' म्हणून लोक सोडून देतात. एसएमपीएसच्या आत फिल्टरसाठी असलेले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर मुख्य व्होल्टेजच्या जवळजवळ निम्मं, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्ट, पत्र्यावर तरंगत राहतं. करंट अगदी कमी असल्याने माणसाला नुसती चुणूक बसते, पण त्याच पत्र्याला तुम्ही टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सची केबल जोडता तेव्हा यूएसबी आणि एचडीएमआयचे पोर्ट मरू शकतात. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावलेला असेल तर तो आजच काढा. जुन्या वाड्यात किंवा चाळीत तिसऱ्या भोकात वायरच नसते, नुसतं भोक असतं. ते काम वायरमनचं, तुमचं नव्हे.

बाहेरून जोडलेल्या वस्तू

कीबोर्ड आणि मॉनिटर सोडून सगळं काढा: पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, हब, लॅनची वायरसुद्धा. विसरलेल्या पेनड्राइव्हवरून मशीन बूट व्हायला बघतं आणि 'बूट डिव्हाइस नाही' म्हणून थांबतं, हे रोजचं आहे. समोरच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून पाहा. आतली जीभ तुटली असेल आणि पिना एकमेकींना टेकत असतील तर शॉर्ट होतो. काही बोर्ड अशा वेळी यूएसबीवर जास्त करंट जात असल्याचं सांगून १५ सेकंदांत बंद होतात, काही न सांगताच. उघडून समोरच्या पोर्टची वायर मदरबोर्डवरून काढली की उलगडा होतो.

'नो सिग्नल' असेल तर मॉनिटरची केबल मागे कुठे लावली आहे ते पाहा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डात हवी. साफसफाईनंतर ती मदरबोर्डच्या पोर्टमध्ये लावली जाते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' आहे त्यांना स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टवर काही येणारच नाही. एएमडी रायझनच्या ५००० पर्यंतच्या डेस्कटॉप मालिकांत 'जी' नसलेल्यांचंही तसंच.

चार-पाच सेकंदांत बंद होणारं मशीन

याचं स्वतंत्र नाव घेतो, कारण यात लोक एसएमपीएस आणि मदरबोर्ड दोन्ही बदलून मोकळे होतात. पॉवर बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की मशीन जबरदस्तीने बंद होतं, ही सोय मुद्दाम केलेली आहे. कॅबिनेटचं बटण आत अडकून राहिलं तर मशीन चालू होतं, मोजून तेवढाच वेळ थांबतं आणि बंद होतं. दमट हवेत आणि धुळीत स्वस्त बटणं अशीच चिकटतात.

तपासणी सोपी आहे. मदरबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात कॅबिनेटच्या बारीक वायरी जोडलेल्या असतात, त्यातली 'पॉवर स्विच' लिहिलेली दोन पिनांची वायर काढा. प्लग लावा आणि त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. मशीन सुरू होऊन सुरूच राहिलं तर दोष बटणाचा. नवीन बटण मिळेपर्यंत रिसेट बटणाची वायर त्या पिनांवर लावा आणि रिसेटच्या बटणाने चालू करत जा. खर्च शून्य.

धूळ आणि उष्णता

वापरताना बंद पडतो आणि थंड झाल्यावर सुरू होतो, या लक्षणाचा पहिला संशयित. बाजूचं झाकण काढा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीची घोंगडी साचलेली असते, ती वरून दिसत नाही, पंखा काढल्यावर दिसते. सुक्या रंगाच्या ब्रशने आणि ब्लोअरने साफ करा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भन्नाट फिरला तर बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं, कॉलिन, घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत नको. व्हॅक्यूमच्या प्लास्टिक नळीवर स्थिर वीज तयार होते. झुरळांची अंडी, मुंग्या, पालीची लेंडी हे सगळं निघतं, दचकू नका, पण एसएमपीएसच्या जाळीतून पाल आत गेलेली दिसली तर प्लग पुन्हा लावू नका.

मग बायोसमध्ये जा (बहुतेक बोर्डांवर सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं) आणि तापमानाचा आकडा पाहा. ४०-५५ अंश असेल तर ठीक. बायोसमध्ये नुसतं बसून दोन-तीन मिनिटांत ८०-९० कडे गेला तर कूलर प्रोसेसरला टेकलेलाच नाही. इंटेलच्या जुन्या गोल कूलरच्या चार प्लास्टिक पिनांपैकी एखादी निसटलेली असते. चारही पिना टक असा आवाज येईपर्यंत समोरासमोर दाबाव्या लागतात.

कूलर काढला की थर्मल पेस्ट नवी लावायचीच. जुनी पुसून मध्यभागी लहान वाटाण्याएवढी पुरते, पसरवायची गरज नाही. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर मात्र सावध राहा: वाळलेली पेस्ट इतकी घट्ट धरते की कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन चालू होत असेल तर दहा मिनिटं चालवून गरम करा, प्लग काढा, मग कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवा.

रॅम

'डिस्प्ले येत नाही' यावर 'रॅम पुसून लावा' हा सल्ला थट्टेचा विषय झालाय, पण तो खरा आहे. विशेषतः कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात. ओल आणि धूळ मिळून स्लॉटमध्ये संपर्क नीट होत नाही, आणि एक पिन जरी तुटक झाली तरी बोर्ड पुढे जात नाही.

दोन्ही बाजूंचे चिमटे उघडून रॅम काढा. सोनेरी पट्टीवरून पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, भुरा ब्रशने पूर्ण झटका. पेनाचं निळं खोडरबर खरखरीत असतं, ते सोन्याचा थर खाऊन टाकतं. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा. मग एकच रॅम लावून पाहा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट आधी वापरायचा असतो. चिमटा आपोआप बंद होईपर्यंत दाबा, बोर्ड थोडा वाकतो, त्याला हरकत नाही. सुरू झालं तर दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये, मग पहिली दुसऱ्या स्लॉटमध्ये. अशा अदलाबदलीनेच रॅम वाईट की स्लॉट वाईट ते कळतं. दोन्ही एकदम पुसून लावल्या आणि चालू झालं, तर काहीच कळत नाही, आणि महिन्याने पुन्हा तिथेच.

डीडीआर५ रॅमचं नवं मशीन असेल तर बदलानंतर पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड मेमरी जुळवत बसतो आणि कित्येक मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते. मधेच बंद करू नका. पाच-दहा मिनिटं थांबा.

डिस्प्ले येतो पण निळ्या स्क्रीन येतात, दर वेळी नाव वेगळं, कधी 'मेमरी मॅनेजमेंट', कधी 'पेज फॉल्ट', तर रॅमची चाचणी घ्या. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' शोधलं तरी मिळतं. चाचणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून 'एक्स्टेंडेड' निवडा. त्याहून भरवशाचं म्हणजे फुकट मिळणारं मेमटेस्ट८६प्लस, पेनड्राइव्हवरून रात्रभर. एकही एरर आली तरी ती रॅम बाद. 'फक्त दोनच आल्या' असा हिशेब इथे नसतो. आधी बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग) चालू असेल तर बंद करा. रॅम चांगली असूनही वाढवलेला वेग मदरबोर्डला झेपत नसेल तर याच एरर येतात. वॉरंटीचं बिल शोधा, बऱ्याच ब्रँडच्या रॅमला दीर्घ वॉरंटी असते.

मदरबोर्डवरची बटण बॅटरी

नाणं असावं तशी चपटी सीआर२०३२, तीन व्होल्टची, शंभर रुपयांच्या आत मिळते. घड्याळ २००० सालच्या आसपास जाऊन बसत असेल किंवा सुरू होताना 'एफ१ दाबा' येत असेल तर ती संपली. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली दिसली तर बदला.

एवढ्याशा बॅटरीने मशीन बूट कसं थांबतं? बॅटरी संपली की बायोस मूळ सेटिंगवर परत जातं. विंडोज टाकताना साटा मोड (बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो ते सेटिंग) एएचसीआय होता आणि आता बोर्डाने तो आयडीई किंवा रेड केला, तर विंडोजला स्वतःची डिस्क ओळखता येत नाही आणि 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस' अशी निळी स्क्रीन येते. तसंच जुन्या लेगसी बूट पद्धतीने टाकलेली विंडोज, आणि बोर्ड आता फक्त यूईएफआय ही नवी पद्धत बघतोय: मग डिस्क धडधाकट असून 'बूट डिव्हाइस नाही'. दोन्हीत विंडोजला काहीही झालेलं नसतं. सेटिंग जुनं केलं की ती जिथल्या तिथे उघडते. असं मशीन फॉरमॅट करून देणारे पुष्कळ आहेत.

डिस्क

बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं का, हा पहिला प्रश्न. दिसत नसेल तर साटाची डेटा केबल आणि पॉवर केबल दोन्ही टोकांनी काढून लावा, मग केबल बदला, मग बोर्डवरचा दुसरा पोर्ट. एम.२ एसएसडीचा (थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या डिस्कचा) स्क्रू सैल होऊन ती तिरकी उचलली गेलेली नाही ना पाहा. चालू असताना अचानक लाइट गेल्यावर साटा एसएसडी दिसेनाशी झाली असेल तर तिला डेटा केबल न लावता फक्त पॉवर देऊन अर्धा तास ठेवा, मग जोडा. नेहमी नाही, पण कधीकधी ती परत येते. आली तर आधी कॉपी.

दिसत असेल तर तब्येत बघायची. क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम स्मार्टचे, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीचे नोंदवलेले, आकडे दाखवतो. हार्डडिस्कमध्ये तीन ओळी महत्त्वाच्या: रीअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. पेंडिंग शून्य नसेल आणि आठवड्यात वाढत असेल तर डिस्क चालली. चौथी ओळ सीआरसी एरर, ती वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा. हा आकडा केबल बदलल्यावर कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

चेकडिस्कचा (डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या विंडोजच्या कमांडचा) मोह इथे आवरा. मरायला टेकलेल्या डिस्कवर ते चालवलं की ती प्रत्येक खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि उरलेला जीवही जातो. आधी डेटा बाहेर, मग चेकडिस्क. आणि टक-टक-टक असा आवाज येत असेल तर कॉपीसुद्धा नको. प्लग काढा.

लिनक्सचा पेनड्राइव्ह

दुसऱ्या कॉम्प्युटरवर आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाका आणि इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडून चालवा. एकाच वेळी दोन कामं होतात: डिस्कवरच्या फाइली बाहेरच्या ड्राइव्हवर काढता येतात (बिटलॉकर असेल तर की लागते), आणि हार्डवेअर की विंडोज याचा निकाल लागतो. दोन-तीन तास व्हिडिओ चालवून मशीन ठणठणीत राहिलं तर दोष बहुधा विंडोजमध्ये किंवा तिच्या डिस्कमध्ये. लिनक्सवरही खटकन बंद पडलं तर हार्डवेअर, आणि फॉरमॅटचा विषय तिथेच संपला.

विंडोज

सुरू होताना चकती दिसली की बटण दाबून बंद करा, असं दोन-तीनदा केलं की रिपेअरची निळी स्क्रीन येते. तिथून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. क्रम असा ठेवा: स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट अनइन्स्टॉल, मग सिस्टम रिस्टोअर. स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबलं की सेफ मोड आणि ९ दाबलं की निळ्या स्क्रीननंतरचा आपोआप रिस्टार्ट बंद, म्हणजे एररचं नाव वाचायला मिळतं. फोटो काढा. 'कर्नल डेटा इनपेज एरर' म्हणजे डिस्ककडे बघा. 'व्हीया अनकरेक्टेबल' म्हणजे प्रोसेसर, उष्णता किंवा वीज. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा ज्ञात दोष आहे. बायोस अपडेट करा. त्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने २०२४ मध्ये दोन वर्षांनी वाढवली आहे.

सेफ मोड चालत असेल तर शेवटी टाकलेला ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस काढा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक त्याचा अर्थ एसएमपीएस गेला असा घेतात. ती नोंद फक्त एवढंच सांगते की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. तिच्या तपशिलात बगचेक कोड (निळ्या स्क्रीनच्या एररचा क्रमांक) शून्य असेल तर निळी स्क्रीन न येताच वीज तुटली किंवा मशीन गोठलं, म्हणजे वर जा आणि वीज-उष्णता पुन्हा तपासा.

एसएमपीएस

इथून पुढे पैसे लागतात. असेंबल मशीनमध्ये कॅबिनेटबरोबर 'फुकट' आलेला ४५० वॅट लिहिलेला एसएमपीएस खऱ्या ४५० वॅटला क्वचितच उतरतो. ग्राफिक्स कार्ड टाकल्यावर गेममध्ये बंद पडायला लागला तर संशय इथेच.

सुरू होतो की नाही एवढं पाहायचं तर २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढा, हिरवी वायर आणि शेजारची कोणतीही काळी वायर यांच्या भोकांत यू पिन घाला, स्विच चालू करा. पंखा फिरला नाही तर गेला. काही मॉडेलांचा पंखा गरम होईपर्यंत फिरतच नाही, तेव्हा मल्टिमीटरच लागतो. फिरला म्हणजे चांगला असं मात्र नाही, कारण लोड नाही. मल्टिमीटर असेल तर मशीन चालू असताना पिवळी-काळी ११.४ ते १२.६, लाल-काळी ४.७५ ते ५.२५, नारिंगी-काळी ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यात हवी. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर ही चाचणी सोडा, चुकीच्या भोकात पिन जाईल. खरी खात्री एकच: ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस तासभर लावून पाहणं. दुसऱ्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसच्या केबल मात्र वापरू नका. दिसायला सारख्या असल्या तरी पिनांचा क्रम वेगळा असतो आणि डिस्क जळतात.

प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी केबल विसरली असेल तर पंखे फिरतात पण डिस्प्ले येत नाही. नवा घेण्याआधी ती पाहा.

इथे थांबा

एसएमपीएसचं झाकण कधीच उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० हून जास्त व्होल्ट प्लग काढल्यावरही राहू शकतात. जळका वास, बोर्डवर फुगलेले कपॅसिटर, वाकलेल्या सॉकेटच्या पिना, टक-टक करणारी हार्डडिस्क, बायोस अपडेट अर्ध्यात तुटलेला बोर्ड, अर्थिंग नसलेलं सॉकेट: यांपैकी काही दिसलं तर पुढे जायचं नाही. टक-टक करणारी डिस्क साध्या दुरुस्तीच्या दुकानात नव्हे, डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्यायची, आणि तीही पुन्हा चालू न करता. घरभर दिवे मोठे-लहान होत असतील तर तो न्यूट्रलचा दोष असू शकतो. मेन स्विच बंद करून वायरमनला आणि वीज कंपनीला कळवा, कॉम्प्युटरचं नंतर. आणि रॅम, बॅटरी, डिस्क, एसएमपीएस सगळं चांगलं निघालं, एका रॅमवर ग्राफिक्स कार्ड काढूनही डिस्प्ले येत नाही, तर उरतात मदरबोर्ड आणि प्रोसेसर. ते घरी तपासायला दुसरा जुळणारा बोर्ड लागतो, तो दुकानातच असतो.

दुकानात देताना लक्षणाचा कागद आणि निळ्या स्क्रीनचा फोटो बरोबर द्या. रॅम आणि एसएसडीवरचे सिरीयल नंबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. 'फॉरमॅट करायचं झालं तर आधी फोन करा' हे बिलावर लिहून घ्या, बदललेला जुना पार्ट परत मागा. दोष डिस्कचा नाही अशी खात्री झालेली असेल तर डिस्क घरीच काढून ठेवा. डिस्प्ले आणण्यासाठी त्यांना तिची गरज नसते.